करडा रंग

हिरवा आला की स्नेहल आवटी फोन उपडा ठेवायची आणि आडवी व्हायची. रोजचंच होतं ते. मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात ती नर्स. रात्रपाळी संपवून सकाळी घरी यायचं, शालूचा डबा करायचा, तिला रिक्षात बसवायचं, धुणं-भांडी उरकायची आणि मग गादीवर पडल्या पडल्या फोनकडं डोळे लावायचे. पोरगी शाळेच्या फाटकातून आत गेली की रंग यायचा. हिरवा म्हणजे पोरीला कसली भीती नाही. मग स्नेहलला अशी झोप लागायची, की दारावरची बेल बडवली तरी पत्ता नसायचा. संध्याकाळी शाळा सुटताना दुसरा रंग यायचा. तोही हिरवा असला की दिवस पार पडला.

नवरा, महेश, चाकणच्या कारखान्यात. महिन्यातून दोनदा यायचा आणि आला की निम्मा वेळ झोपायचा. तोही दमलेलाच, बिचारा. घरात माणसं दोनच, स्नेहल आणि आठवीतली शाल्मली ऊर्फ शालू. आणि तिसरं ते नाकाड.

नाकाड हे पोरांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्याला भयमापक म्हणत. झालं असं होतं, की शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत नववीतल्या पोरानं दप्तरातून कोयता काढला. मेलं कुणी नाही, पण एकाचा हात कायमचा गेला. मग काय! गावोगावच्या पालकांनी शाळा डोक्यावर घेतल्या. फाटकाफाटकाला धातू शोधणाऱ्या कमानी बसल्या आणि महिन्याभरात धूळ खात पडल्या. आपल्या पोरांच्या दप्तरात धातू नाही कशात? स्टीलचा डबा, स्टीलची बाटली, कंपासपेटी, हातात कडं. कमान सकाळभर बोंबलायची. शेवटी शिपायानंच वैतागून तिची वायर उपटून ठेवली.

मग हे नवं यंत्र आलं. बनवणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. चाकू शोधत बसू नका, भीती शोधा. दप्तरात चाकू लपवणारं पोर त्याआधी कितीतरी दिवस घाबरलेलं असतं. ज्याला बाकीचे छळतात ते तर असतंच असतं.

आता भीती शोधायची कशी? तर वासावरून. माणूस पळाला की त्याला घाम येतो आणि घाबरला तरी येतो, पण हे दोन घाम एक नव्हेत. घाबरल्यावर काखेतल्या ग्रंथी काही वेगळेच रेणू सोडतात. आपल्या नाकाला ते उघड कळत नाहीत, कुत्र्याला कळतात. कुत्र्याच्या नाकात या रेणूंना पकडणारी जी प्रथिनं असतात, ती शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत यीस्टमध्ये वाढवली आणि कागदाहून पातळ अशा पडद्यावर चिकटवली. फाटकातून पोर गेलं की त्याच्या अंगाभोवतीची हवा आत ओढायची. पडद्यावर भीतीचे रेणू बसले की त्यातल्या विजेत फरक पडतो. प्रत्येक पोराचा रोजचा, शांत असतानाचा वास यंत्राला आधीच शिकवलेला. त्यापेक्षा किती वाढ झाली, तेवढंच ते मोजायचं आणि रंग सांगायचं. हिरवा, पिवळा, तांबडा. तांबडा आला की फाटकातला दांडा वर व्हायचाच नाही. मग शिपाई पोराला बाजूला घ्यायचा आणि समुपदेशक बाई येऊन बोलायच्या.

आणखी एक रंग होता. करडा. करडा म्हणजे 'सांगता येत नाही'. पडदा ओला झाला, धुरळा बसला, वारं फार असलं, की यंत्र प्रामाणिकपणे करडा दाखवायचं.

या करड्यानं पालकांचा जीव काढला. तांबडा आला तर निदान धावत सुटता येतं. करडा आला तर करायचं काय? कुणी ऑफिस सोडून शाळेत येऊन थडकायचं, कुणी समुपदेशक बाईंना फोन लावायचं, कुणाचं बीपी वाढायचं. गणपतीच्या सुमारास पालक समितीची सभा झाली. अध्यक्ष दीपाली मगदूम. त्यांची पूर्वा शालूच्याच बाकावर बसायची. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "करडा बंद करा बाई तो. काही वाईट सापडलं नाही ना? मग हिरवा दाखवा. उगीच कशाला जिवाला घोर?" शाळेला काय, पालकच लिहून देतायत म्हटल्यावर तिला पाहिजेच होतं. हात वर झाले. स्नेहलनंही केला. तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडं होतं. सभा एकदाची संपू दे आणि ड्युटीच्या आधी घटकाभर पाठ टेकू दे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दिवाळीच्या आधी शालूचा रंग एकदा सकाळीच तांबडा आला. स्नेहल गादीवरून उठून तशीच, गाऊनवर ओढणी टाकून शाळेत धावली आणि फाटकापाशी सगळ्यांदेखत रडली. आवरलंच नाही तिला. बाईंनी विचारलं, वर्गशिक्षकांनी विचारलं, शालू म्हणाली, "काही नाही, गणिताची भीती वाटत होती." गणिताच्या सरांना समज मिळाली. त्या रात्री स्नेहल बिनझोपेची ड्युटीला गेली.

पुढं थंडी पडली, शालूला सर्दी झाली. स्नेहलनं तिच्या आईनं केली असती तीच गोष्ट केली. मलमलीच्या तुकड्यात कापूर, ओवा, दोन लवंगा घालून पुरचुंडी बांधली आणि गणवेशाच्या आतून, गळ्यापाशी पिनेनं अडकवून दिली. रात्र-रात्र औषधांत वावरणारी नर्स ती, पण सर्दीला तिचा विश्वास कापरावरच. मधला एक पिवळा सोडला, तर त्या दिवसापासून जे हिरवं सुरू झालं ते आजतागायत. सकाळी हिरवा, संध्याकाळी हिरवा.

सर्दी गेली, थंडी गेली. शिमगा आला, उन्हं तापायला लागली, तरी शालू दर रविवारी पुरचुंडी पुढं करायची. "आई, कापूर उडून गेलाय. नवा भर ना."

"अगं, घामानं जीव जाईल तुझा. आता कशाला?"

"असू दे. बरं वाटतं."

स्नेहलला भरून यायचं. म्हणायची, एवढी मोठी झाली तरी आईच्या हातचं काहीतरी अंगावर लागतं पोरीला.

त्या रविवारीही ती कापूर भरायलाच बसली होती. दुपारची जेवणं झालेली, शालू खिडकीत चित्र काढत होती. स्नेहलनं दोरा सोडला, चुरगाळलेला ओवा ताटलीत झटकला. त्यातून एक चपटं, चंदेरी पाकीट पडलं, बोटभर लांबीचं. ते काय आहे हे तिला हातात घ्यायच्या आधीच कळलं. टाके कापायचं पातं. तिच्याच वॉर्डातलं. तिच्याच कोटाच्या खिशातून निघालेलं. वेष्टण अजून फोडलेलं नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

"शालू, हे काय?"

शालूनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा चित्रात घातली. "तुझंच आहे."

"माझं आहे ते दिसतंय मला. इथं काय करतंय?"

"उद्या सोमवार आहे," शालू म्हणाली.

मग तिनं सांगितलं. वर्गात एक खेळ चालायचा, लालेलाल. शाळा भरताना नाहीतर सुटताना कुणाला तरी हेरायचं आणि फाटकापर्यंत त्याला इतकं घाबरवायचं, की दांडा वर होता कामा नये. कुणाच्या कानात काहीतरी सांगायचं, कुणाची वही लपवायची, कुणाच्या घरच्याबद्दल बोलायचं. ज्यानं लाल करून दाखवलं तो जिंकला. दिवाळीआधी शालूला लाल केलं होतं ते असंच. नाकाड नव्हतं तेव्हा हा खेळही नव्हता. मोठ्यांनी भीती मोजायचं यंत्र आणलं आणि पोरांनी त्याचं खेळणं केलं, झालं.

"मग सर्दी झाली," शालू सांगत होती. "त्यांनी मला डबल घाबरवलं. माझे पाय लटलटत होते आई, तरी दांडा वर गेला. मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या दिवशी पण तेच. मग मी एक दिवस मुद्दाम पुरचुंडी काढून गेले, तर पिवळा. मग कळलं."

स्नेहलला कळायला तेवढा वेळही लागला नाही. कापूर घन असतानाच उडतो आणि अंगाभोवती नुसता दाटून राहतो. पडद्यावरच्या सगळ्या जागा त्यानंच अडवल्या, मग भीतीला बसायला जागा कुठली? यंत्रानं इमानदारीत करडा दाखवला असणार. तो करडा हिरवा करून पाठवा, हे सभेत हात वर करून तिनंच सांगितलेलं होतं.  स्वतःचा एवढा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

"मग तर सुटलीस ना त्यांच्या तावडीतून?" तिनं कसंबसं विचारलं.

"कुठलं! शालू लाल होतच नाही म्हणून सगळे माझ्याच मागं लागले. कोण आधी करून दाखवतंय ते. खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलं एकदा. बाहेरून कडी पूर्वानं लावली."

"पूर्वानं? मगदुमांच्या पूर्वानं?"

"तिला लावावीच लागली. नाहीतर तिला लाल केलं असतं." शालूनं हे अगदी सहज सांगितलं, उद्या गृहपाठ आहे म्हणावं तसं. "शनिवारी वर्गातला विहान म्हणाला, सोमवारी काय आणतो बघ. बघू कशी लाल होत नाहीस ते. म्हणून मी ते घेतलं. काही करणार नव्हते मी, नुसतं जवळ असावं म्हणून घेतलं."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

शालूनं पेन्सिल खाली ठेवली. "आधी तू विचारायचीस. जिना चढतानाच विचारायचीस, आज काय झालं म्हणून. नाकाड आलं आणि तू फोन बघायला लागलीस." "आणि तो एकदा लाल आला, तर तू झोपलीच नाहीस. तशीच ड्युटीला गेलीस. मला वाटलं, हिरवा दिसला की झोपशील तरी."

स्नेहल ताटलीतला ओवा गोळा करत राहिली. एकेक दाणा. मग तो तसाच टाकून तिनं पोरीला जवळ ओढलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. रडू येत होतं, पण रडायचंसुद्धा त्राण नव्हतं तिच्यात.

शाळेचा नियम तिला पाठ होता. धारदार वस्तू सापडली की पोरगं घरी, चौकशी होईपर्यंत शाळा बंद. पातं गपचूप कोटाच्या खिशात परत टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. शालूला दोन दिवस घरी ठेवायचं, ताप आलाय म्हणून सांगायचं. आई म्हणून पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, खोटं कशाला बोला. पण विहान काय आणणार होता? आणि शालू घरी असली, तर ते दुसऱ्या कुणावर निघणार होतं? संध्याकाळी तिनं इस्पितळात फोन करून रजा टाकली.

सोमवारी शालू पुरचुंडीशिवाय गेली. आई बरोबर होती, तरी फाटकापाशी दांडा वर झाला नाही. मागं रांगेत खसखस पिकली. "लालेलाल!" कुणीतरी हळूच म्हणालं. शिपाई पुढं आला, तशी स्नेहल त्याला म्हणाली, "राहू दे मामा, आम्ही दोघी मुख्याध्यापिकांकडंच निघालोय." आणि दांड्याखालून वाकून आत शिरली. मागोमाग शालू.

मुख्याध्यापिका निकम मॅडम निवृत्तीला टेकलेल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर गार झालेला चहा. स्नेहलनं ते चंदेरी पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"आवटी सिस्टर, हे तुम्ही टेबलावर ठेवलंत म्हणजे मला आता लिहावं लागणार," निकम मॅडम म्हणाल्या.

"लिहा मॅडम. पण आधी आठवीचा वर्ग बघा. आणि यंत्राचे खरे रंग काढा, आम्ही हिरवे करायला लावलेले करडे."

मॅडमनी संगणकावर रंग काढले. आठवीची यादी पडद्यावर आली आणि त्या खुर्चीत मागं रेलल्या. वरून हिरव्या दिसणाऱ्या वर्गात निम्म्याहून जास्त नावं आतून करडी होती. शालूनं आपलं गुपित पूर्वाला सांगितलं होतं, पूर्वानं आणखी कुणाला. कुणी कापूर बांधत होतं, कुणी कॉलरला बाम चोळत होतं.

"तरीच!" मॅडम पुटपुटल्या. "आठवीच्या वर्गात गेलं की आरती चालू असल्यासारखा वास येतो. मी म्हटलं, पोरांना सर्दी फार आहे यंदा."

दप्तरं तपासली. एक कटर निघाला, दाढीचं ब्लेड निघालं, एक पेचकस निघाला. आणि विहानच्या दप्तरातून निघाला अडकित्ता. आजीच्या पानाच्या डब्यातला, पितळी, दांड्यांवर मोर असलेला. विहानच्या शर्टाला बामाचा भपकारा येत होता. "मला पण लाल करणार होते हो," असं म्हणत ते धिप्पाड पोरगं हुंदके देऊन रडायला लागलं. स्नेहल त्याच्यावर तोंड सोडायचं ठरवून आली होती. तिनं आपला रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

नियम तो नियम. ज्यांच्याकडं काही सापडलं त्या सगळ्यांना पंधरवडाभर घरी बसवलं, शालूलाही. महेश धावत आला, आल्या आल्या चिडला. "तू स्वतः नेऊन दाखवलंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग संध्याकाळी शालूजवळ बसला, तिनं सांगितलं ते सगळं ऐकलं. चाकणला परत जाताना बसस्टँडवर म्हणाला, "बरं केलंस." तेवढंच.

पालक समितीची तातडीची सभा लागली. कंपनीनं कळवलं होतं, की कापराला दाद न देणारा नवा पडदा जूनपर्यंत येईल. सगळ्यांनी हुश्श केलं. स्नेहल उठून उभी राहिली.

"जून लांब आहे. तोवर करडा परत चालू करा."

सभेत चुळबूळ झाली. दीपाली मगदूम त्या दिवसांत चेहऱ्यानं उतरल्या होत्या. पूर्वानं घरी काय काय सांगितलं असेल, देव जाणे. पण त्यांनीही मान हलवली. "नको हो स्नेहल. करडा बघितला की काळजात धस्स होतं. आपण करायचं काय त्याचं?"

"विचारायचं," स्नेहल म्हणाली.

"कुणाला?"

"पोरांना."

कुणी हसलं नाही आणि कुणी वादही घातला नाही. सगळे नुसते दमलेले दिसत होते, तिच्यासारखेच. कुणाची दुसरी पाळी होती, कुणाला म्हातारी माणसं होती घरी, कुणाचे डोळे सभेतच मिटत होते. विचारायचं म्हणजे ऐकायला बसावं लागतं, आणि त्याला जीव कुणाच्यात उरला होता? मत घेतलं तर करड्याच्या बाजूनं मोजून तीन हात वर आले. त्यातला एक, हो-नाही करत, दीपाली मगदुमांचा होता. ठराव पडला. निकम मॅडमनी एवढंच केलं, की ज्यांना हवा त्यांच्या फोनवर करडा जाईल, अशी सोय करून दिली.

पंधरवडा संपला. शालू शाळेत जायच्या आदल्या दिवशी स्नेहलनं मलमलीचा नवा तुकडा कापला आणि कापराची डबी उघडली.

"आता कशाला, आई?" शालूनं विचारलं. "आता तर सगळ्यांना माहितीये."

"असू दे. त्या नाकाडाला कळायला नको."

"मग तुला कसं कळणार?"

स्नेहलनं कापूर चुरला, ओवा घातला, दोन लवंगा टाकल्या आणि गाठ पक्की आवळली.

दुसऱ्या दिवशी रंग आला तो करडा. त्याखाली बारीक अक्षरांत, सांगता येत नाही. ती सकाळ स्नेहलनं कूस बदलत काढली. झोप लागली ती तुटक, मधूनच दचकून जाग यायची. संध्याकाळी पुन्हा करडा. रात्रपाळीची वेळ होत आली होती, डोळे चुरचुरत होते. अंगावर कोट चढवून, पर्स खांद्याला लावून ती जिना उतरली, तोच रिक्षा येऊन थांबली. शालू दप्तर ओढत जिना चढायला लागली.

"आज काय झालं?" स्नेहलनं विचारलं.

"काही नाही."

पूर्वी ती यावर 'बरं' म्हणून मोकळी झाली असती. आता ती तशीच पायरीवर उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन खाली आल्या, दोघींच्या मधून वाट काढून गेल्या, तरी ती हलली नाही.

"तुला उशीर होतोय ना?" शालू म्हणाली.

"होऊ दे."

शालूनं दप्तर कठड्याला टेकवलं. आईच्या तोंडाकडं बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"पूर्वा आज परत माझ्या बाकावर बसली," ती म्हणाली. "आपण होऊन. पण मधल्या सुट्टीत..."

"मधल्या सुट्टीत काय?" स्नेहलनं पर्स खांद्यावरून काढली आणि कोटासकट जिन्याच्या पायरीवर बसली.